भाड्याच्या उत्खनन यंत्राची योग्य आकारनिवड : तळेरे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : खोदकामासाठी उत्खनन यंत्र भाड्याने घेताना सर्वसाधारणपणे ताशी दर हाच निवडीचा निकष मानला जातो. प्रस्तुत लेखात हा निकष अपुरा कसा ठरतो, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. यंत्राची क्षमता, जमिनीचा प्रकार, कामाचे आकारमान, माती वाहून नेणाऱ्या वाहनांची संख्या आणि कामाच्या जागेपर्यंतची वाट या पाच घटकांचा एकत्रित विचार केल्याशिवाय योग्य आकाराचे यंत्र ठरविता येत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तळेरे परिसरात नेहमी निघणाऱ्या कामांच्या आधारे हे विवेचन केले आहे.

महत्त्वाचे शब्द : उत्खनन यंत्र, पोकलेन, ब्रास, जांभा, शेततळे, ताशी भाडे.

१. प्रस्तावना

कणकवली तालुक्यातील तळेरे हे मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावरील महत्त्वाचे तिठ्याचे गाव होय. कोल्हापूरहून गगनबावडा, करूळ घाट व वैभववाडीमार्गे उतरणारा रस्ता येथे महामार्गास मिळतो आणि पश्चिमेस विजयदुर्गाकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. घाटमाथ्यावरील आणि किनारपट्टीवरील अशा दोन्ही बाजूंच्या यंत्रांना हे ठिकाण सोयीचे पडते. महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या काळात मोठ्या उत्खनन यंत्रांची वर्दळ या भागाने पाहिली. त्यानंतर घरबांधणी, आंबा-काजूची लागवड, विहिरी, शेततळी आणि व्हाळातील गाळ काढणे अशा लहान-मोठ्या खाजगी कामांसाठीही यंत्र भाड्याने आणण्याची पद्धत रुळली आहे.

या भागात खोदकामाचा हंगाम मर्यादित असतो. भातकापणी संपून जमीन वाळेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी पाऊस दाखल होतो. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात अर्धवट राहिलेले खोदकाम म्हणजे केवळ लांबणीवर पडलेले काम नव्हे. उघडी पडलेली माती वाहून जाते, खणलेली बाजू ढासळते आणि खालच्या मळ्यांत गाळ भरतो. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने यंत्राचे भाडे हा अनेक वर्षांच्या बचतीतून होणारा खर्च असतो. त्यामुळे यंत्राच्या आकाराची निवड चुकली, तर पैसा आणि हंगाम या दोहोंचे नुकसान संभवते.

२. यंत्रांची ओळख

मराठीत उत्खनन यंत्रासाठी जी दोन नावे रूढ आहेत, ती मुळात दोन कंपन्यांची नावे होत. 'पोकलेन' हे नाव जॉर्ज बताय यांनी १९२७ मध्ये फ्रान्समध्ये स्थापन केलेल्या पोक्लें या कंपनीवरून आले. 'जेसीबी' हे नाव जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या नावाची आद्याक्षरे होत. त्यांनी १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये आपला उद्योग सुरू केला आणि १९७९ मध्ये एस्कॉर्ट्स या भारतीय कंपनीशी भागीदारी करून या कंपनीने भारतात उत्पादनास आरंभ केला. आज कोणत्याही कंपनीच्या साखळीवरील यंत्रास पोकलेन आणि पुढे लोडर व मागे खोदणारा हात असलेल्या चाकांच्या यंत्रास जेसीबी म्हटले जाते.

हा भेद निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. चाकांचे यंत्र रस्त्यावरून स्वतः चालत येते. त्यास ट्रेलर लागत नाही. खणणे, भरणे आणि सपाटीकरण ही तिन्ही कामे ते करू शकते. परंतु त्याचा खोदणारा हात मागील बाजूस सुमारे अर्धवर्तुळातच फिरतो, आणि ओल्या जमिनीत त्याची चाके रुततात. साखळीवरील यंत्र पूर्ण वर्तुळात फिरते व आपले वजन रुंद साखळीवर पसरविते. मात्र ते कामावर पोहोचविण्यासाठी ट्रेलरचा खर्च येतो.

साखळीवरील यंत्रांचे वर्गीकरण त्यांच्या कामकाजाच्या वजनावरून केले जाते. यंत्रावरील क्रमांकावरूनही वजनाचा अंदाज येतो. बहुतेक कंपन्यांच्या '२१०' क्रमांकाच्या यंत्राचे वजन २१ टनांच्या आसपास, तर '७०' क्रमांकाच्या यंत्राचे ७ टनांच्या आसपास असते. मात्र चाकांच्या यंत्रांना हा नियम लागू पडत नाही. भाड्याने सामान्यतः मिळणाऱ्या यंत्रांची स्थूल माहिती पुढीलप्रमाणे सांगता येईल. कंपनी व नमुन्यानुसार तीत थोडाफार फरक पडतो.

तक्ता क्र. १ : साखळीवरील यंत्रांचे वर्ग

| वर्ग | वजन (टन) | बकेट (घनमीटर) | खोदण्याची खोली (मीटर) | यंत्राची रुंदी (मीटर) | डिझेल (लिटर प्रतितास) |
|---|---|---|---|---|---|
| मिनी | २ ते ५ | ०.०५ ते ०.१५ | २.२ ते ३.५ | १.४ ते २.० | २ ते ४ |
| लहान | ७ ते ८ | ०.३ | सुमारे ४ | २.२ ते २.३ | ५ ते ७ |
| मध्यम | १३ ते १४ | ०.५५ | सुमारे ५.५ | २.५ ते २.६ | ८ ते १० |
| मोठे | २० ते २१ | ०.९ ते १.० | सुमारे ६.५ | सुमारे २.८ | १२ ते १६ |

३. क्षमतेचे गणित

यंत्र एका तासात किती माती काढील, हे बकेटच्या आकारावर आणि एका फेरीस लागणाऱ्या वेळेवर अवलंबून असते. एका फेरीत खणणे, वळणे, ओतणे व परत येणे या चार क्रिया येतात. मोठ्या यंत्राची फेरी लहान यंत्रापेक्षा थोडी संथ असते. शिवाय बकेट दर वेळी काठोकाठ भरत नाही. ती सुमारे ९० टक्के भरते असे मानता येईल. तासातील ६० मिनिटांपैकी सुमारे ५० मिनिटेच प्रत्यक्ष काम होते. आणखी एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. खणलेली माती मोकळी होऊन फुगते. जमिनीतील १ घनमीटर माती बाहेर आल्यावर साधारण १.२५ घनमीटर होते, म्हणून बकेटमधील माप आणि खड्ड्यातील माप एक नसते.

या सर्व बाबी लक्षात घेऊन मोठ्या यंत्राचे उदाहरण पाहू. बकेट ०.९ घनमीटरची व फेरी २० सेकंदांची मानल्यास तासाला १८० फेऱ्या होतात. १८० × ०.९ × ०.९ × ०.८३ ÷ १.२५ असा हिशेब केला असता खड्ड्याच्या मापाने तासाला सुमारे ९५ घनमीटर माती निघते. ०.५५ घनमीटर बकेटच्या मध्यम यंत्राची फेरी १८ सेकंदांची धरल्यास ही क्षमता सुमारे ६५ घनमीटर, तर ०.३ घनमीटर बकेटच्या लहान यंत्राची फेरी १६ सेकंदांची धरल्यास ती सुमारे ४० घनमीटर येते. व्यवहारात माती ब्रासमध्ये मोजली जाते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट किंवा २.८३ घनमीटर. त्यानुसार या तीन यंत्रांची ताशी क्षमता अनुक्रमे सुमारे ३४, २३ व १४ ब्रास ठरते.

हे आकडे मऊ मातीतील व कुशल ऑपरेटर असतानाचे आहेत. जमीन बदलली की ते बदलतात.

४. तळेरे परिसरातील जमीन

या परिसरात थोड्या अंतरात जमिनीचे स्वरूप पालटते. माथ्यावर जांभ्याचा सडा, उतारावर तांबडी माती व दगडगोटे, आणि तळाशी व्हाळालगत भातशेतीचे मळे अशी सर्वसाधारण रचना दिसते. जवळच्याच कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. एकाच वाडीतील दोन कामांनाही वेगळे यंत्र लागू शकते, ते यामुळेच.

जांभ्याचा वरचा थर उन्हापावसाने कठीण झालेला असतो, तर काही फुटांखाली तो मऊ होत जाऊन चिकणमातीत मिसळतो. लहान यंत्राचे दात वरच्या कठीण थरावर नुसते घासत राहतात. तास मोजला जातो, माती मात्र निघत नाही. याउलट मोठ्या यंत्रास दगडासाठीची मजबूत बकेट लावल्यास तोच थर पुष्कळदा ब्रेकरविना उखडता येतो. ब्रेकर लावावाच लागला, तरी त्याचे वजन पेलण्याइतके यंत्र जड असावे लागते. लहान यंत्रावरील हलक्या ब्रेकरने कठीण खडक फोडण्यास वेळ लागतो, आणि ब्रेकरचा ताशी दर बकेटच्या दरापेक्षा अधिक असतो. म्हणून यंत्र ठरविण्यापूर्वी कामाच्या जागी दोन-तीन ठिकाणी हाताने चाचणी खड्डे घेणे हितावह ठरते. शेजाऱ्याची विहीर किंवा जवळची रस्त्याची कापलेली बाजू पाहिली, तरी खालच्या थरांची बरीच कल्पना येते.

जेथे जांभा अखंड व चांगल्या प्रतीचा आहे, तेथे यंत्राने तो फोडण्याआधी चिरे काढता येतील का, याचा विचार व्हावा. फोडलेला जांभा भरावास जातो. कापलेला चिरा घराच्या भिंतीस उपयोगी पडतो.

भातमळ्यात प्रश्न उलट असतो. तेथे खणणे सोपे. यंत्र उभे राहणे अवघड. साखळीवरील २० टनी यंत्राचा जमिनीवरील दाब साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला ०.४ ते ०.५ किलोग्रॅम असतो. कोरड्या मळ्यात तो सहज पेलला जातो. परंतु ओल असताना एवढे वजन वारंवार त्याच जागी वळल्यास मळीचा थर दाबला जातो व बांध ढासळतात. त्यामुळे मळ्यातील काम शक्यतो फेब्रुवारीनंतर आणि लहान यंत्राने करणे इष्ट होय.

५. कामाचे आकारमान व खर्च : शेततळ्याचे उदाहरण

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत शेततळ्यांचे निरनिराळे आकार ठरविण्यात आले होते. त्यांपैकी ३० × ३० × ३ मीटर आणि १५ × १५ × ३ मीटर हे दोन आकार येथे तुलनेसाठी घेऊ. बाजूंचा उतार १:१ ठेवल्यास पहिल्या तळ्यात २१९६ घनमीटर म्हणजे सुमारे ७७६ ब्रास, तर दुसऱ्यात ४४१ घनमीटर म्हणजे सुमारे १५६ ब्रास माती काढावी लागते. लांबी-रुंदी निम्मी केली असता खोदकाम पाचव्या हिश्शावर येते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

भाड्याचे दर स्थळ, हंगाम व डिझेलच्या भावानुसार बदलतात. केवळ गणित समजण्यासाठी लहान यंत्राचा ताशी दर ११०० रुपये, मध्यम यंत्राचा १५०० रुपये व मोठ्या यंत्राचा २००० रुपये मानू. यंत्र आणण्या-नेण्याचा एकूण खर्च अनुक्रमे ६०००, १०,००० व १६,००० रुपये धरू. माती तळ्याच्या कडेलाच टाकायची आहे.

तक्ता क्र. २ : शेततळ्याचा तुलनात्मक खर्च (मानलेल्या दरांनुसार)

| यंत्र | मोठे तळे : तास | मोठे तळे : एकूण खर्च (रु.) | लहान तळे : तास | लहान तळे : एकूण खर्च (रु.) |
|---|---|---|---|---|
| लहान | ५५ | ६६,५०० | ११ | १८,१०० |
| मध्यम | ३४ | ६१,००० | ७ | २०,५०० |
| मोठे | २३ | ६२,००० | ५ | २६,००० |

लहान तळ्यास लहान यंत्र सर्वांत स्वस्त पडते, कारण मोठ्या यंत्राच्या वाहतुकीचा खर्च थोड्याच कामावर विभागला जातो. मोठ्या तळ्यात हा क्रम उलटतो. तेथे ताशी सर्वांत कमी दराचे यंत्रच सर्वांत महाग ठरते.

परंतु हिशेब येथेही संपत नाही. ३० मीटर रुंद तळ्याच्या मधोमध खणलेली माती कडेपर्यंत एका झेपेत पोहोचत नाही. ती मध्ये टाकून पुन्हा उचलावी लागते. लहान यंत्राचा हात सुमारे ६ मीटर, मध्यम यंत्राचा ८ मीटर, तर मोठ्या यंत्राचा ९.५ मीटरच्या आसपास पोहोचतो. दुहेरी उचल लहान यंत्रास एक तृतीयांश, मध्यम यंत्रास एक पंचमांश व मोठ्या यंत्रास एक दशांश मातीपुरती करावी लागली असे मानल्यास तास अनुक्रमे सुमारे ७३, ४१ व २५ होतात, आणि एकूण खर्च ८६,३००, ७१,५०० व ६६,००० रुपयांवर जातो. आधी मध्यम यंत्र किंचित स्वस्त दिसत होते. दुहेरी उचल धरताच मोठे यंत्र त्याहून स्वस्त झाले. यावरून ताशी दराऐवजी 'दर ब्रासला पडणारा एकूण खर्च' हेच तुलनेचे खरे माप आहे, हे स्पष्ट होते.

येथे एक सूचना आवश्यक आहे. जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीत तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर घालावे लागते. मोठ्या यंत्राच्या दातांनी तळ व बाजू ओबडधोबड राहिल्यास अस्तर फाटण्याचा धोका असतो. त्यामुळे अखेरचे काही तास बिनदाती बकेटने बाजू तासून घेण्याची तरतूद आधीच ठरवून ठेवावी.

६. माती वाहून न्यायची असल्यास

माती जागेवर न टाकता डंपरने हलवायची असेल, तर यंत्राची क्षमता एकट्या यंत्रावर अवलंबून राहत नाही. २ ब्रास क्षमतेचे म्हणजे ५.६६ घनमीटरचे तीन डंपर उपलब्ध आहेत आणि जाऊन-येऊन माती टाकण्यास २० मिनिटे लागतात, असे मानू.

मोठे यंत्र असा डंपर ७ बकेटांत भरते. डंपर लावण्याचा वेळ धरून एका डंपरला सुमारे साडेतीन मिनिटे लागतात. तीन डंपर भरून झाल्यावर पहिला डंपर परतेपर्यंत यंत्र थांबून राहते. प्रत्येक डंपरची पूर्ण फेरी साडेतेवीस मिनिटांची होत असल्याने तासाला सुमारे साडेसात खेपा होतात, आणि यंत्र निम्म्याहून कमी वेळ काम करते. लहान यंत्रास त्याच डंपरसाठी २१ बकेटा व सुमारे साडेसहा मिनिटे लागतात. त्याच्यासोबत तासाला पावणेसात खेपा होतात, आणि यंत्र तीन चतुर्थांश वेळ कामात असते.

म्हणजे जवळजवळ दुप्पट भाडे देऊन तासाला एखादी खेपही पूर्ण वाढत नाही. मोठ्या यंत्रास अखंड काम द्यायचे तर या अंतरासाठी सहा ते सात डंपर लागतील. तेवढे डंपर मिळत नसतील किंवा वाट एकेरी असल्याने ते एकमेकांस ओलांडू शकत नसतील, तर लहान यंत्र घेणेच शहाणपणाचे ठरते. ट्रॅक्टर-ट्रॉलीने वाहतूक होणार असल्यास मोठी बकेट मुळीच सोयीची नाही. ट्रॉलीच्या मापाने बकेट रुंद असल्याने माती बाहेर सांडते आणि उंचावरून पडणाऱ्या दगडांनी ट्रॉलीस इजा पोहोचते.

७. वाट, जागा व पोहोच

कागदावर योग्य ठरलेले यंत्र कामाच्या जागेपर्यंत पोहोचेल की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे. कोकणातील वाड्यांकडे जाणाऱ्या वाटा दोन गडग्यांमधून जातात. ज्या वाटेची रुंदी अडीच मीटर आहे, तेथून २.८ मीटर रुंदीचे यंत्र नेण्यासाठी गडगा पाडावा लागतो व तो पुन्हा रचून देण्याचा खर्च मालकावर पडतो. माणसांच्या व गुरांच्या ये-जा करण्यासाठी बांधलेले साकव आणि लहान मोऱ्या २० टनांचा भार पेलतील असे गृहीत धरता येत नाही. ट्रेलर महामार्गावर किंवा मुख्य रस्त्यावरच थांबणार असेल, तर तेथून कामापर्यंत यंत्र साखळीवर चालत येते. या प्रवासाचे तासही मोजले जातात आणि डांबरी रस्त्यास हानी पोहोचते.

यंत्र वळताना त्याचा मागील भाग साखळीच्या बाहेर येतो. मोठ्या यंत्रात मध्यापासून मागील टोकापर्यंतचे अंतर पावणेतीन मीटरच्या आसपास असते. घराच्या भिंतीलगत, कलमांच्या ओळींमध्ये किंवा विजेच्या खांबाजवळ काम करताना ही जागा आधी मोजून घ्यावी. वर विजेच्या तारा असल्यास हाताची उंचीही लक्षात घ्यावी लागते.

आकारमानाचा विचार नेहमी वजनातच करावा असे नाही. चिपळूण येथे २२ जुलै २०२१ रोजी आलेल्या महापुरानंतरच्या काळात वाशिष्ठी नदीतील गाळ काढण्याचे मोठे काम झाले. अशा नदीपात्रातील कामांत लांब हाताची यंत्रे उपयोगी पडतात. २० टन वर्गातील लांब हाताचे यंत्र १५ मीटर किंवा त्याहून दूर पोहोचते; परंतु तोल राखण्यासाठी त्याची बकेट निम्म्याने लहान करावी लागते. पोहोच वाढली की ताशी माती घटते. काठावरूनच गाळ काढणे भाग असेल तेथे हा व्यवहार परवडतो; कोरड्या पात्रात उतरता येत असेल तेथे साधे यंत्र अधिक काम देते.

८. कामनिहाय निवड

वरील विवेचनाच्या आधारे या परिसरातील नेहमीच्या कामांसंबंधी काही निष्कर्ष काढता येतात.

(अ) आंबा व काजूची लागवड : १० × १० मीटर अंतरावर आंब्याची लागवड केल्यास हेक्टरी १०० कलमे बसतात. दर खड्डा १ × १ × १ मीटर धरल्यास एकूण खोदकाम केवळ १०० घनमीटर होते. मोठ्या यंत्राची बकेटच एक मीटरहून अधिक रुंद असल्याने खड्डा अकारण मोठा होतो आणि वरची सुपीक माती खालच्या मुरमात मिसळते. येथे अरुंद बकेटचे मिनी किंवा लहान यंत्र योग्य होय. खडकाळ सड्यावर मात्र हा नियम बदलतो; तेथे खड्ड्यांची जागा फोडण्यापुरते जड यंत्र लागते.

(आ) विहीर : मोठे यंत्रही सुमारे साडेसहा मीटरपर्यंतच खणू शकते. त्याखाली जायचे असल्यास यंत्र उतरविण्यासाठी विहिरीभोवती मोठा खड्डा करावा लागतो किंवा पुढील काम यारीने करावे लागते. वरचा मातीचा थर यंत्राने व खालचा खडक यारीने, अशी विभागणी पुष्कळदा किफायतशीर ठरते.

(इ) उतारावरील घराचा पाया : येथे अधिक क्षमतेचा मोह टाळणे अगत्याचे आहे. मोठे यंत्र काही तासांतच डोंगराची बाजू उभी कापून सपाट जागा करून देते. परंतु उताराचा पायथा काढून घेतल्यास वरील भूभागाचा आधार जातो, आणि पहिल्या मोठ्या पावसात ती बाजू घसरण्याची शक्यता वाढते. माळीण (२०१४) व तळीये (२०२१) येथील दुर्घटनांनंतर डोंगरउतारावरील वस्तीच्या सुरक्षिततेचा प्रश्न महाराष्ट्रापुढे ठळकपणे आला. अशा ठिकाणी टप्पे पाडून, कमी उंचीचे छेद घेऊन, लहान किंवा मध्यम यंत्राने काम करणे आणि पावसापूर्वी संरक्षक भिंत व पाण्याचा निचरा पूर्ण करणे आवश्यक ठरते.

(ई) व्हाळातील गाळ व बांधबंदिस्ती : रुंदी कमी व काठ मऊ असल्याने लहान यंत्र पुरेसे होते. मोठ्या बकेटने पात्र गरजेपेक्षा खोल झाल्यास दोन्ही काठ ढासळतात.

९. भाडे ठरविताना लक्षात घ्यावयाच्या बाबी

ताशी दर डिझेलसह आहे की डिझेलविना, हे प्रथम स्पष्ट करून घ्यावे. तक्ता क्र. १ मधील डिझेलच्या खपावरून दोन्ही प्रकारच्या दरांची तुलना करता येते. तास घड्याळाने मोजायचे की यंत्रावरील अवर मीटरने, दिवसाला किमान किती तासांचे भाडे आकारले जाईल, डंपरची वाट पाहताना चालू असलेल्या इंजिनाचे तास कोणाच्या माथी, बिघाड झाल्यास परतीच्या ट्रेलरचा खर्च कोणाचा, ऑपरेटरचा भत्ता कोणाकडे, बकेटचे दात झिजलेले आहेत काय, या गोष्टी कामापूर्वीच लेखी ठरविणे श्रेयस्कर होय. झिजलेल्या दातांचे स्वस्त यंत्र कठीण जांभ्यात महाग पडते.

एप्रिल-मे महिन्यांत मागणी वाढते आणि हवे ते यंत्र मिळेनासे होते. अशा वेळी मिळेल ते यंत्र घेण्याची वेळ येऊ नये, यासाठी चाचणी खड्डे, मोजमाप व वाटेची पाहणी ही कामे डिसेंबर-जानेवारीतच उरकावीत.

माती, मुरूम व जांभा ही गौण खनिजे असल्याने त्यांचे उत्खनन व वाहतूक करण्यापूर्वी महसूल खात्याकडे चौकशी करून आवश्यक ती परवानगी घ्यावी व स्वामित्वधन भरावे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ नुसार अनधिकृत उत्खननाबद्दल दंड होऊ शकतो आणि यंत्र व वाहनही ताब्यात घेतले जाऊ शकते. यंत्र अडकून पडल्यास नुकसान दोन्ही पक्षांचे होते.

१०. निष्कर्ष

१) यंत्राचा आकार ठरविण्याचा योग्य निकष ताशी दर हा नसून वाहतूक, दुहेरी उचल व थांबून राहिलेला वेळ यांसह दर ब्रासला पडणारा खर्च हा आहे.

२) लहान व विखुरलेल्या कामांस लहान यंत्र, तर एकाच जागी असलेल्या मोठ्या कामांस मोठे यंत्र परवडते. या दोहोंची सीमा वाहतुकीच्या खर्चावरून हिशेबाने काढता येते.

३) डंपर अपुरे असतील, वाट अरुंद असेल किंवा साकव कमजोर असेल, तर यंत्राची वाढीव क्षमता वाया जाते. कामातील सर्वांत मोठी अडचण आधी शोधावी व यंत्र तिच्या मापाने निवडावे.

४) कठीण जांभ्यात जड यंत्र आणि मळ्यात व उतारावर हलके यंत्र, हे या परिसराच्या भूरचनेतून निघणारे सर्वसाधारण सूत्र होय. चाचणी खड्ड्याने त्याची खातरजमा करावी.

मोजपट्टी, चाचणी खड्डा आणि एका कागदावरील हिशेब एवढ्या साधनांनी ही निवड कोणासही करता येण्याजोगी आहे. ग्रामपंचायती, शेतकरी गट व महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांनी अशा मोजणीचे प्रात्यक्षिक हंगामाच्या आरंभी घेतल्यास गावातील अनेकांचा खर्च वाचेल आणि पावसापूर्वी काम पूर्ण होण्याची शाश्वती वाढेल.